वाचकांचे प्रश्न : कॅल्गरीतला मुलगा सरकारवर एवढा का चिडतो?

प्रश्न : आदरणीय बाई, मी वीज खात्यातून निवृत्त झालो. नोकरी बहुतेक कोराडीलाच झाली. मुलगा बऱ्याच वर्षांपासून कॅल्गरीला असतो, तेल कंपनीत इंजिनिअर आहे, आता तिथला नागरिकही झाला. २०२५ च्या एप्रिलमधल्या निवडणुकीत त्याने कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मत दिले. पक्ष हरला आणि तेव्हापासून रविवारचा फोन म्हणजे भाषणच झाले आहे. 'बाबा, हे सरकार आमच्या खिशातही हात घालून राहिले आणि डोक्यातही.' कार्बन टॅक्स, ट्रकवाल्यांची गोठवलेली बँक खाती, पंतप्रधानांचे पुतळे उतरवले, आणि शेवट ठरलेला : 'मल्टिकल्चरलिझमने देशाची वाट लावली.' हे शेवटचे ऐकून त्याची आई म्हणते, 'अरे, तू स्वतः नागपूरहून गेलेला. गणपती बसवतोस, कुणी अडवते का? मग तुला कशाचा त्रास?' तो फोन ठेवून देतो. मला एवढेच विचारायचे आहे, तिथले सरकार खरोखर एवढी दांडगाई करते का? की पोरगा कुणाच्या नादी लागला?
— एक वाचक, लक्ष्मीनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, तो कुणाच्या नादी लागला असे तुमच्या पत्रावरून मला दिसत नाही. पण त्याच्या सगळ्या तक्रारी सारख्या वजनाच्या नाहीत. एक अगदी खरी आहे, काहींत अर्धे तथ्य आहे, आणि एका बाबतीत तो भलत्यावरच खापर फोडतो आहे. फोनवर हे सारे एका दमात येते, म्हणून तुम्हाला नुसता राग ऐकू येतो.

कोराडीत आयुष्य गेलेल्या माणसाला अल्बर्टा, म्हणजे कॅल्गरी ज्या प्रांतात आहे तो, समजायला जड जाऊ नये. कोळसा आपला, राख आपली, धूर आपल्या छातीत, आणि वीज कुठे कुठे जाते हे तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगाल. १९५३ चा नागपूर करार, राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस, आणि दुसऱ्याच वर्षी या शहराचे गेलेले राजधानीपण, हे आपल्याकडे अजून जेवणाच्या ताटावर निघते. निर्णय दूरच्या शहरात होतात, भोगायचे आपण. अल्बर्टात कोळशाच्या जागी तेल आहे, एवढाच फरक. कॅनडात नैसर्गिक संपत्ती प्रांताच्या मालकीची असते, अल्बर्टाला तो हक्क १९३० मध्ये मिळाला. पण १९८० मध्ये पंतप्रधान पिअर ट्रूडो यांच्या लिबरल सरकारने राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणला. देशातल्या तेलाचा भाव जागतिक भावापेक्षा खाली ठेवला आणि उत्पन्नातला मोठा वाटा राजधानी ओटावाकडे वळवला. पुढे तेलाचे जागतिक भावही पडले, त्यामुळे अल्बर्टाच्या हलाखीचा सगळा दोष त्या कार्यक्रमाचा नव्हता. तरी ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, घरे गेली, त्यांनी दोष ओटावालाच दिला, आणि तो राग मुलांना वारशात मिळाला. ब्रायन मलरोनी यांच्या सरकारने १९८५ मध्ये कार्यक्रम गुंडाळला तरी तो विझला नाही.

मग २०१५ मध्ये पिअर ट्रूडो यांचेच चिरंजीव जस्टिन पंतप्रधान झाले. कॅल्गरीत याचे स्वागत कसे झाले असेल, ते सांगायला नको. २०१६ मध्ये नॉर्दर्न गेटवे ही पाइपलाइन केंद्राने नाकारली. २०१९ पासून कार्बनवर कर बसला, टनाला २० डॉलरपासून चढत २०२४ मध्ये ८० डॉलरपर्यंत गेला. त्याच २०१९ मध्ये मोठ्या प्रकल्पांच्या तपासणीचा नवा कायदा आला. प्रांत न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कार्बन कर वैध ठरवला, पण २०२३ मध्ये प्रकल्प-तपासणीचा कायदा बऱ्याच अंशी केंद्राच्या अधिकाराबाहेर गेल्याचे मत दिले. म्हणजे 'केंद्र आमच्या अंगणात शिरते' या तक्रारीवर त्या देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयाचीच एकदा मोहोर उमटली आहे. मुलगा हे सांगत असेल तर तो खरे बोलतो.

त्याने न सांगितलेलेही ऐका. कार्बन कराचा मोठा भाग कुटुंबांच्या खात्यात परत जमा होत असे. लिबरल पक्षाचेच मार्क कार्नी पंतप्रधान झाल्यावर १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकावरचा तो कर शून्यावरच आणला, आता तो उरला आहे मोठ्या उद्योगांवर. आणि ट्रान्स माउंटन ही अल्बर्टाचे तेल पॅसिफिक किनाऱ्याला नेणारी पाइपलाइन बुडू नये म्हणून ती २०१८ मध्ये साडेचार अब्ज डॉलरला विकत घेतली, ती ट्रूडो सरकारनेच. तिची वाढीव वाहिनी २०२४ मध्ये सुरू झाली. तेल कंपनीत काम करणाऱ्याला हे ठाऊक असतेच. पुढच्या रविवारी विचारा.

आता खात्यांचे. इथे मी उघडपणे तुमच्या मुलाच्या बाजूची आहे, आणि का ते नीट सांगते.

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतून परतणाऱ्या ट्रकचालकांना कोविडच्या लसीची अट लागली. त्याविरुद्ध ट्रकांचे ताफे ओटावात येऊन ठाण मांडून बसले. तीन आठवडे संसदेसमोरचे रस्ते अडले, रात्रंदिवस भोंगे वाजले. तिथे राहणाऱ्यांची झोप उडाली, दुकाने बंद पडली. त्या रहिवाशांचा त्रास खोटा नव्हता, आणि कन्झर्व्हेटिव्ह मंडळी तो सांगत नाहीत हे मला आवडत नाही. १४ फेब्रुवारीला सरकारने आणीबाणीचा कायदा लागू केला. १९८८ मध्ये झाल्यापासून तो एकदाही वापरला गेला नव्हता. त्याखाली बँकांना आदेश गेला की आंदोलनात असलेल्यांची खाती गोठवा. न्यायालयाच्या हुकमाची गरज नाही, आणि सद्हेतूने केले असेल तर बँकेवर दावाही लावता येणार नाही. दोनशेहून अधिक खाती गोठली. खाते गोठले म्हणजे त्या माणसाचे घरभाडे, औषध, मुलांचे दूध सगळे थांबले, आणि दाद मागायची कुठे तेही ठाऊक नाही.

कन्झर्व्हेटिव्हांचा सर्वात भक्कम मुद्दा भावनेचा नाही, तारखेचा आहे. विंडसरचा अँबेसिडर पूल, ज्यावरून अमेरिकेशी प्रचंड व्यापार चालतो, तो मोकळा झाला १३ फेब्रुवारीला. न्यायालयाच्या मनाई हुकमाने आणि साध्या पोलीस बंदोबस्ताने. आणीबाणी लागली दुसऱ्या दिवशी. साध्या कायद्याने काम होत होते, तर हत्यार बाहेर काढायचे कारण काय?

मी १९७५ मध्ये नागपुरात कॉलेजात शिकत होते. महालात आमच्या वाड्याशेजारचे एक शिक्षक आपल्याकडच्या आणीबाणीत मिसा या विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली उचलले गेले. त्यांच्या घरी भाजी पोहोचवायलाही लोक अंधार पडायची वाट बघत. वर्तमानपत्रात त्याची ओळ नाही, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा अटकेविरुद्ध कुणाला दादही मागता येणार नाही. एकवीस महिने ते चालले. कॅनडातली आणीबाणी २३ फेब्रुवारीला, नऊ दिवसांत उठली. मधल्या काळात संसदेत मतदान झाले, १८५ विरुद्ध १५१. कायद्यानेच सक्तीची असलेली चौकशी न्यायमूर्ती पॉल रूलो यांनी केली. त्यांनी २०२३ मध्ये नाराजीनेच म्हटले की कायदा लावण्याची पातळी गाठली गेली होती, पण मुळात हे पोलिसांचे आणि केंद्र-प्रांत संबंधांचे अपयश होते. आणि जानेवारी २०२४ मध्ये फेडरल न्यायालयाचे न्यायमूर्ती रिचर्ड मोझ्ली यांनी निकाल दिला की आणीबाणी लावणे अवाजवी होते आणि खाती गोठवण्याने तिथल्या घटनेतल्या नागरिकांच्या हक्कांच्या सनदेतला हक्क मोडला. तेव्हा 'कॅनडात हुकूमशाही आली' असे मुलगा म्हणत असेल, तर त्याला महालातल्या त्या घराची गोष्ट सांगा. पण 'सरकारने मर्यादा ओलांडली' असे म्हणत असेल, तर एका न्यायमूर्तींनी ते लिहून ठेवले आहे. हा प्रकार तिथे पहिला नव्हता, हेही तो सांगू शकतो. १९७० च्या ऑक्टोबरात क्वीबेकमधल्या अपहरणांनंतर थोरल्या ट्रूडोंनी युद्धकाळाचा कायदा लावून सुमारे पाचशे लोकांना कोठडीत टाकले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांवर कधी गुन्हाच दाखल झाला नाही.

पुतळ्यांविषयी थोडेच लिहिते. पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनल्ड यांचा व्हिक्टोरिया शहरातला पुतळा २०१८ मध्ये नगरपालिकेने हलवला, माँट्रियालमधला २०२० मध्ये आंदोलकांनी पाडला. पहिला निर्णय निवडून आलेल्यांचा, दुसरा जमावाचा, दोन्ही एकाच तागडीत टाकू नयेत. आणि राग कशाचा होता तेही मुलाला माहीत हवे. मूळ निवासींची सुमारे दीड लाख मुले घरापासून तोडून, मॅकडोनल्ड यांच्या सरकारने उभ्या केलेल्या व्यवस्थेतल्या निवासी शाळांत ठेवली गेली, शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. ज्या आईचे पोर परत आले नाही, तिच्या नातवंडांना पुतळ्याखाली उभे राहून अभिमान वाटावा ही अपेक्षा मला करवत नाही.

राहिली बहुसांस्कृतिकता. तुमच्या घरात खरी ठिणगी इथेच पडते.

आधी इतिहास, कारण तो मुलाच्या पक्षाचाही आहे. प्रत्येकाने आपापली संस्कृती जपत एकत्र नांदावे, हे धोरण पिअर ट्रूडोंनी ऑक्टोबर १९७१ मध्ये संसदेत जाहीर केले. १९८२ च्या सनदेत त्याला २७ वे कलम मिळाले. पण त्याचा कायदा झाला १९८८ मध्ये, मलरोनींच्या काळात, आणि मलरोनी कन्झर्व्हेटिव्ह होते. त्याही आधी, १९६२ मध्ये, स्थलांतराच्या नियमांतला वंशभेद बव्हंशी काढून टाकणारे सरकार जॉन डिफेनबेकर यांचे, तेही कन्झर्व्हेटिव्ह. १९१४ मध्ये व्हँकुव्हरच्या बंदरातून कोमागाटा मारू जहाज परत पाठवणाऱ्या देशात तुमचा मुलगा केवळ पदवी आणि कामाच्या बळावर जाऊ शकला, त्यात त्याच्याच पक्षाच्या जुन्या नेत्यांचा हात आहे. म्हणून 'मल्टिकल्चरलिझमने वाट लावली' हे वाक्य मला मान्य नाही.

पण त्या वाक्याच्या पोटात काय आहे, ते त्याच्या आईने ऐकावे असे मला वाटते. डिफेनबेकर आयुष्यभर एक गोष्ट सांगत राहिले : जर्मन-कॅनेडियन, युक्रेनियन-कॅनेडियन असे जोडनाव नको, नुसते कॅनेडियन म्हणा. त्यांचे स्वतःचे आडनाव जर्मन होते आणि त्यावरून त्यांनी टोमणे खाल्ले होते. तुमच्या मुलाला तेच हवे असेल. तो एका देशाचा भाग व्हायला गेला आणि पंतप्रधान जस्टिन ट्रूडो २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला म्हणाले की कॅनडाला गाभ्याची अशी ओळखच नाही. ज्याने शपथ घेऊन नागरिकत्व घेतले त्याला हे लागणारच. त्याला गणपती बसवायचा आहे आणि कॅनेडियनही व्हायचे आहे. सरकारी अनुदानाच्या यादीत 'समुदाय' म्हणून त्याला नाव नको आहे. यात मला काही गैर दिसत नाही.

आपल्या लोकांच्या मनात आणखी एक जखम आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचे कनिष्क विमान आयर्लंडजवळ बॉम्बने उडवले, ३२९ माणसे गेली. बहुतेक कॅनडाचे नागरिक. कट कॅनडातल्या खलिस्तानी अतिरेक्यांनी शिजवला. तरी तो देश कितीतरी वर्षे ही दुर्घटना भारताची समजत राहिला. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशीचा अहवाल आला २०१० मध्ये, त्यात गुप्तचर आणि पोलीस यंत्रणांच्या चुकांची मालिकाच मांडली होती. त्याच वर्षी स्टीफन हार्पर यांनी कुटुंबांची माफी मागितली, तेही कन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान. 'समुदायाला दुखवायला नको' म्हणून अतिरेक्यांकडे काणाडोळा झाला, मतांसाठी त्यांच्या मिरवणुकांत नेते गेले, ही भारतीय वंशाच्या मतदारांची तक्रार बिनबुडाची नाही. मात्र ती सगळ्या शीख शेजाऱ्यांवर लादू नये, हे मुलाला तुम्ही ठणकावून सांगा. त्या विमानात शीख कुटुंबेही होती.

उरलेला राग, माझ्या मते सर्वात मोठा, संस्कृतीचा नाहीच, घरभाड्याचा आहे. २०२३ या एका वर्षात कॅनडाची लोकसंख्या सुमारे १२ लाख ७० हजारांनी वाढली, ३.२ टक्के, १९५७ नंतरची सर्वात जास्त वाढ. जवळजवळ सगळी बाहेरून आलेल्यांमुळे. तेवढी घरे बांधली नाहीत, तेवढे डॉक्टर नेमले नाहीत. आधी आलेल्यांनाही याची झळ बसली, कारण त्यांच्यातले बरेच भाड्याच्या घरात राहतात. सरकारला पटले तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये कायम रहिवाशांचे लक्ष्य ५ लाखांवरून २०२५ साठी ३ लाख ९५ हजारांवर आणले. आकडा ठरवणाऱ्यांनी चूक केली, तिचे खापर पगडी घालणाऱ्यावर किंवा बुरखा घेणारीवर फोडणे अन्याय आहे. मुलगा इथे भलत्यावर चिडतो असे मी म्हणते ते यासाठी.

त्याच्या आईला माझा निरोप द्या. 'तू बाहेरचा, तुला कशाचा त्रास' हे वाक्य पुन्हा म्हणू नका. तिथे त्याला हेच ऐकावे लागत असणार, फक्त दुसऱ्या तोंडून. नागरिकाला सरकारवर चिडायचा हक्क असतो, आणि तो हक्क तीन पिढ्या राहिल्यावर मिळतो असे नाही. त्या निवडणुकीत सुमारे ४१ टक्के मतदारांनी त्याच्यासारखेच मत दिले. त्याच्याशी वाद घालायचाच असेल तर मुद्दे एकेक करून घाला. एका रविवारी फक्त तेल, दुसऱ्या रविवारी फक्त खाती.

प्रश्न : बाई, माझी मुलगी सॅस्काटूनला आहे. नात तिथे शाळेत शिकते. २०२३ च्या सप्टेंबरात मुलगी आणि जावई शाळेतल्या लिंगओळखीच्या शिक्षणाविरुद्धच्या मोर्चात गेले, तेही शेजारच्या पाकिस्तानी कुटुंबाबरोबर. आमच्या घरात कुणी कधी मोर्चात गेले नव्हते. माझी धाकटी सून, जी पुण्यात शिकवते, म्हणते की ही मंडळी मागास झाली. मुलगी म्हणते, माझ्या पोरीबद्दल शाळा माझ्यापासून काही लपवणार असेल तर मी गप्प बसायचे का? मला दोघींचेही पटते आणि झोप लागत नाही.
— एक आजी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, आधी तुमच्या सुनेच्या 'मागास' या शब्दाबद्दल. तो मला मुळीच आवडला नाही. २० सप्टेंबर २०२३ ला कॅनडाच्या अनेक शहरांत ते मोर्चे निघाले आणि त्यांत मुस्लिम, शीख, ख्रिस्ती, हिंदू आईबाप एकत्र चालले. बहुसांस्कृतिकतेचे गोडवे गाणाऱ्यांना हे चित्र पचवता आले नाही, पण वेगवेगळ्या धर्मांचे शेजारी एका काळजीने एकत्र येतात ते असेच.

नेमका वाद काय होता? एखाद्या मुलाने शाळेत वेगळे नाव किंवा वेगळी लिंगओळख सांगितली, तर शाळेने आईबापांना कळवावे की नाही. न्यू ब्रन्सविक प्रांताने २०२३ मध्ये पालकांच्या बाजूने आपले धोरण बदलले, मग तुमची मुलगी राहते त्या सॅस्काचेवान प्रांताने नियम केला की सोळा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती हवी. न्यायालयाने सप्टेंबरअखेर त्याला तात्पुरती स्थगिती दिली. ऑक्टोबरात प्रांताच्या विधानसभेने त्याचा कायदाच केला आणि सनदेतले ३३ वे कलम वापरले. या कलमाने विधिमंडळ काही मूलभूत हक्क पाच वर्षांसाठी बाजूला ठेवू शकते.

इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचे आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट शिक्षकांना माहीत आणि आईला नाही, हे मला पटत नाही. शिक्षक जून ते एप्रिल असतात, आई जन्मभर असते. मी स्वतः शिकवण्यात आयुष्य घालवले, तरी आईच्या जागी बसायचा अधिकार मला कधी वाटला नाही. पण काही घरे अशी असतात की हे कळल्यावर मुलाला मारहाण होईल, घराबाहेर काढतील. अशी घरे नागपुरातही आहेत आणि रस्त्यावर टाळ्या वाजवून पोट भरणाऱ्यांतल्या किती जणांना घरच्यांनीच हाकलले, ते त्यांना विचारा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांना तृतीयपंथी म्हणून हक्क दिले, पण घर परत मिळाले नाही. म्हणून कायद्यात अशा मुलासाठी वाट हवीच. आणि सरकारच्या दांडगाईविरुद्ध बोलणाऱ्यांनी, न्यायालयाने थांबवताच हक्क बाजूला सारणारे कलम उचलावे, हे मला खटकते. जे हत्यार आज आपल्या बाजूचे सरकार वापरते, ते उद्या दुसऱ्याच्या हातात जाते. क्वीबेकने २०१९ मध्ये याच कलमाच्या आधाराने शिक्षिकांचा हिजाब आणि शिक्षकांची पगडी वर्गाबाहेर ठेवणारा कायदा केला. मोर्चात तुमच्या मुलीशेजारून चाललेल्या बाईला क्वीबेकच्या सरकारी शाळेत हिजाब घालून नव्याने शिक्षिका होता येणार नाही.

मुलगी घाबरली असेल तर एक गोष्ट सांगून ठेवा. 'चुकीचे सर्वनाम वापरले तर तुरुंग' असे तिथे अनेकजण म्हणतात. २०१७ च्या दुरुस्तीने लिंगओळखीला भेदभावविरोधी कायद्याचे आणि द्वेष पसरवण्याविरुद्धच्या कलमांचे संरक्षण मिळाले, पण घरात किंवा रस्त्यात बोललेल्या एका शब्दासाठी कुणाला तुरुंगात टाकण्याची तरतूद त्यात नाही.

आणि नातीशी तुम्ही स्वतः बोला. आजीला मुली जे सांगतात ते आईला आणि बाईंना दोघींनाही सांगत नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी नागपुरात बी.ई. करतो आहे. कॅनडाला शिकायला जायचा विचार आहे, पण तिथे आता भारतीय विद्यार्थ्यांविरुद्ध वातावरण आहे असे मित्र सांगतात. एजंट म्हणतो काही नाही, सगळे होऊन जाते. जाऊ का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : बेटा, वातावरण बदलले आहे हे खरे. २०२३ च्या शेवटी तिथे दहा लाखांहून अधिक अभ्यास परवाने चालू होते. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये सरकारने नव्या परवान्यांवर मर्यादा घातली, सुमारे ३५ टक्के कपात. फीशिवाय राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम त्याच महिन्यापासून १० हजारांवरून २०,६३५ डॉलर झाली आणि पुढे आणखी वाढली. शिकत असताना आठवड्याला कॉलेजबाहेर काम करायची मर्यादा २४ तास आहे. म्हणजे 'तिथे जाऊन कमावू आणि फी भरू' हा हिशेब आता बसत नाही. तुझ्या वडिलांनी जमीन विकायचे मनात आणले असेल तर हा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांड.

रस्त्यावर टोमणे ऐकू येतील का? येऊ शकतात. बहुतेक राग सरकारवर आणि पैसे घेऊन कागद वाटणाऱ्या कॉलेजांवर आहे, पण तो चेहऱ्याकडे बघून निघतो, आणि याची झळ तुलाही बसेल. चांगल्या विद्यापीठात अभियांत्रिकीची मास्टर्स मिळत असेल आणि कर्ज झेपत असेल तर जा. तळघरात चालणाऱ्या दोन वर्षांच्या डिप्लोमासाठी जाऊ नकोस, त्यापेक्षा इथेच नोकरी बघ.

आणि 'सगळे होऊन जाते' म्हणणाऱ्या एजंटपासून सावध. २०२३ मध्ये खोट्या प्रवेशपत्रांवर गेलेले कितीतरी भारतीय विद्यार्थी शिकून झाल्यावर हद्दपारीच्या नोटिशींपुढे उभे राहिले. पत्रे एजंटांनी बनवली होती, अनेक पोरांना ठाऊकही नव्हते. कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, तिच्यात कॉलेजचे नाव स्वतः शोध. मग कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला स्वतःच्या ईमेलवरून लिहून विचार की माझ्या नावाचे पत्र तुम्हीच दिले का. उत्तर येईपर्यंत एजंटला एक रुपयाही देऊ नकोस.